पत्ता असलेले झाड

झाडांची छायाचित्रे रोज आपल्या डोळ्यांखालून जातात. मावळत्या सूर्यापुढची काळी आकृती, धुक्यात उभा एकच शेंडा, गवताळ माळावरची गोल छत्री. यांतली बहुतेक सुंदर असतात, आणि बहुतेकांत झाड कोणते ते सांगता येत नाही. बाभळीचे की हिवराचे, माणदेशातले की मेळघाटातले, वीस वर्षांचे की दोनशे, याने चित्राला काही फरक पडत नाही. माणसाच्या बाबतीत आपण हे चालवून घेत नाही. आजीचा म्हणून दुसऱ्याच म्हातारीचा फोटो भिंतीवर कोणी लावला, तर तो कितीही देखणा असो, आपण उतरवून ठेवू. झाडाच्या छायाचित्राकडून हीच अपेक्षा ठेवायची का, आणि ठेवली तर ती पुरी कशी होते? छायाचित्रकलेच्या पहिल्या दशकापासून निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी या प्रश्नाशी झटापट केली आहे. त्यांनी काय मिळवले आणि त्यातले आपल्या झाडांना काय लागू पडते, ते पाहू.

इंग्लंडमधल्या लॅकॉक इथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४२-४३च्या सुमारास एका ओकचे छायाचित्र घेतले. कागदी निगेटिव्हवरून कागदावर उतरवलेले हे चित्र अजून पाहायला मिळते. मोसम हिवाळ्याचा, झाडावर पान नाही. पर्णहीन झाड असे चित्रात यायला त्या काळचे तंत्रही अनुकूल होते. तेव्हाच्या रसायनांना निळा प्रकाश कळे, हिरवा जवळजवळ कळत नसे, म्हणून भरल्या पानांचे झाड काळेठिक्कर उमटे. शिवाय प्रकाश आत घ्यायला वेळ लागे आणि तेवढ्यात वाऱ्याने पाने हलून जात. उघड्या फांद्यांचा ओक मात्र स्थिर उभा राहिला. कोणती फांदी कधी मोडली, झाड कुठल्या अंगाला जास्त पसरले, कुठे दाटीतून वाट काढत वर गेले, हे सगळे त्यात वाचता येते. झाडाची ओळख आधी त्याच्या सांगाड्यात असते, पानांत नंतर. हा धडा टॅल्बट यांच्या चित्राने पहिल्याच पिढीला दिला आणि पुढच्यांनी तो अनेकदा विसरून पुन्हा शिकला.

पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे कॅमेरा घेऊन हिंडत होते. शेजारच्या बार्बिझाँ गावात राहणारे चित्रकार त्याच झाडांपुढे बसून रंगवत. तिथल्या कित्येक जुन्या ओकांना स्वतःची नावे होती आणि शहरातून येणारे लोक ती झाडे शोधत जात. ल ग्रे यांच्या चित्रांत एखादा ओक किंवा बीच पुढे येतो आणि बाकीचे जंगल त्याच्यामागे सरते. तोडीविरुद्ध चित्रकारांनी आवाज उठवला, आणि १८६१च्या शाही आदेशाने सुमारे अकराशे हेक्टर जंगल कलेसाठी राखले गेले. लाकूड नाही, शिकार नाही, झाडे पाहण्याजोगी आहेत म्हणून ती ठेवायची, असे सरकारी कागदावर लिहिले जाण्याचे हे फार जुने उदाहरण.

त्याच १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर सामान लादून कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी भागात शिरले. त्यांच्या काचा सुमारे १८ बाय २२ इंचांच्या होत्या. मोठे करून छापण्याची सहज सोय नव्हती, म्हणजे जेवढे चित्र हवे तेवढीच काच न्यायची. मॅरिपोसा राईतल्या 'ग्रिझली जायंट' या सिक्वोयाचे त्यांनी घेतलेले चित्र आजही अंगावर येते. बुंध्याशी गॅलन क्लार्क उभे आहेत, त्या राईची राखण पुढे ज्यांच्याकडे आली ते. माणूस एवढासा दिसतो आणि झाडाचे माप एका क्षणात कळते. पण मापापेक्षा मला त्या चित्रातला वरचा भाग महत्त्वाचा वाटतो. मोडका शेंडा, कोपरातून वाकवावी तशी वर वळलेली जाडजूड फांदी. हजारो सिक्वोयांतून हे झाड कोणीही ओळखेल. अध्यक्ष लिंकन यांनी ३० जून १८६४ रोजी योसेमिटी खोरे आणि मॅरिपोसा राई जनतेसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या निर्णयात या छायाचित्रांचा वाटा होता, असे इतिहासकार मानतात. ग्रिझली जायंट अजून उभा आहे.

विसाव्या शतकात झाड पाहण्याची नजर निवळली. यूजीन आत्जे हे पॅरिसच्या जुन्या गल्ल्यांची नोंद करणारे गृहस्थ, पण शेवटच्या वर्षांत ते सँ-क्लूच्या बागेत पुन:पुन्हा जाऊन झाडांची उघडी मुळे आणि बुंधे टिपत राहिले. एडवर्ड वेस्टन यांनी १९२९च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सायप्रसांची मुळे इतक्या जवळून घेतली की ते लाकूड आहे की वाहते पाणी असा क्षणभर प्रश्न पडावा. ती चित्रे मोठी आहेत, तरी त्यांत झाड हरवते आणि आकार उरतो. या सगळ्यांत मला जवळचे वाटतात ते जर्मनीचे आल्बर्ट रेंगर-पाट्श. त्यांचे 'बॉयमं', म्हणजे 'झाडे', हे पुस्तक १९६२ साली आले. त्यात नाट्यमय ढग नाहीत, सूर्याची तिरीप नाही. सपाट, मऊ उजेडात झाड सरळ उभे आहे आणि त्याच्याभोवतीचे शेत, कुंपण, वाट जिथल्या तिथे आहे. छायाचित्रकाराला स्वतःचे काही दाखवायचे नव्हते, असे ही पाने उलटताना वाटत राहते.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे नाव अशा लेखात टाळता येत नाही. ते इथे आणायचे ते एका विशिष्ट झाडासाठी. योसेमिटीत सेंटिनेल डोम नावाचा ग्रॅनाइटचा घुमट आहे. त्याच्या माथ्यावर खडकाच्या भेगेत जेफ्री पाइनचे एक झाड वाढले होते. वाऱ्याने ते असे वाकवले होते की जमिनीशी समांतर पसरले. वॉटकिन्स यांनी ते एकोणिसाव्या शतकात टिपले, अ‍ॅडम्स यांनी १९४० मध्ये. १९७६-७७च्या दुष्काळात ते वाळले. वाळलेलेही लोक टिपत राहिले. ऑगस्ट २००३ मध्ये ते पडले. एका झाडाचे शंभराहून अधिक वर्षांचे चरित्र निरनिराळ्या हातांनी, एकमेकांना न भेटता लिहिले. हे शक्य झाले याचे कारण झाडाची जागा ठरलेली होती आणि प्रत्येकाने ती लिहून ठेवली होती.

अलीकडच्या काळात झाडाला भोवतालापासून सोडवून एकटे दाखवण्याची ओढ वाढली. मायकेल केना यांची होक्काइदोमधली झाडे हे तिचे सर्वांत निर्मळ रूप. बर्फाने जमीन, आकाश, क्षितिज पुसून टाकलेले असते आणि पांढऱ्यावर एक रेखीव झाड. दक्षिण कोरियाचे म्यंग हो ली यांनी हीच गोष्ट उलट्या बाजूने केली. शेतात उभ्या झाडामागे ते साठ फूट उंचीपर्यंतचा पांढरा कॅनव्हास क्रेन लावून उभा करतात आणि स्टुडिओत माणसाचा फोटो घ्यावा तसा झाडाचा घेतात. कापडाच्या कडेबाहेर शेत, डोंगर, आकाश जसेच्या तसे दिसते. मला लींची युक्ती अधिक प्रामाणिक वाटते. झाड वेगळे काढले आहे हे ते लपवत नाहीत, आणि कापड हटले की झाड कुठे उभे असेल तेही चित्रातच असते. केनांच्या बर्फाळ चित्रांना शांतता आहे, पण त्यांची नक्कल करणाऱ्यांनी ती घाऊक केली. आज कुठल्याही प्रदर्शनात तसे पाच-सहा फोटो सापडतात आणि ते एकमेकांत बदलले तरी कळणार नाही.

या एकटेपणाच्या आवडीने झाडांवर ओढवलेले प्रसंगही सांगायला हवेत. होक्काइदोत बिएई गावाजवळ एका शेतात तिरका वाढलेला पॉप्लर होता. लोक त्याला तत्त्वज्ञाचे झाड म्हणत. फोटोसाठी येणारे पर्यटक पिकातून चालत जात, सूचना लावूनही ऐकत नसत. झाडही म्हातारे, पोखरलेले झाले होते. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये शेतकऱ्याने ते पाडले. न्यूझीलंडमध्ये वानाका तळ्यातल्या विलोच्या झाडाच्या खालच्या फांद्या मार्च २०२० मध्ये कोणी करवतीने कापल्या. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीलगतच्या खाचेत उभा, लाखो फोटोंतून जगभर पोचलेला सिकॅमोर २८ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी आडवा पडलेला सापडला. तो तोडणाऱ्या दोघांना २०२५ मध्ये तुरुंगवास झाला. कॅलिफोर्नियातल्या 'हायपेरियन' या जगातल्या सर्वांत उंच ज्ञात झाडाकडे जायला २०२२ पासून बंदी आहे, कारण वाट नसलेल्या जंगलात लोकांनी पायाखाली मुळांवरची माती तुडवून घट्ट केली. प्रसिद्धी सगळीकडे सारखी कामी येत नाही. मॅरिपोसाला तिने वाचवले, बिएईला तिने मारले. फरक एवढाच होता की पहिल्या ठिकाणी चित्र कायदा करणाऱ्यांपर्यंत गेले आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त तसेच चित्र काढू पाहणाऱ्यांपर्यंत.

फार मोठ्या झाडांची अडचण वेगळी. ती चौकटीत मावत नाहीत. दूर जावे तर मध्ये जंगल, जवळ जावे तर शेंडा दिसत नाही. 'नॅशनल जिओग्राफिक'चे मायकेल निकल्स यांनी यावर उत्तर काढले. दोरांवरून कॅमेरा वर-खाली सरकवत त्यांनी एका रेडवुडचे ८४ तुकडे टिपले आणि जोडून एक उभे चित्र केले. ते २००९ साली अंकाच्या घडीच्या पानांवर छापले गेले. 'प्रेसिडेंट' नावाच्या २४७ फुटी सिक्वोयासाठी १२६ तुकडे लागले, ते चित्र डिसेंबर २०१२च्या अंकात आले. असे झाड एका जागी उभे राहून कोणाच्याही डोळ्याला दिसत नाही, म्हणून या चित्रांना खोटे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. तुकडे खरे आहेत, झाड खरे आहे आणि काय केले ते सांगितले आहे. अडचण येते ती न सांगता केलेल्या जोडकामाची. आपल्याकडे भंडारदरा-राजमाचीच्या बाजूला मे अखेरीस काजव्यांनी भरलेल्या झाडांचे जे फोटो येतात, त्यांतले पुष्कळ कितीतरी मिनिटांचे उजेड एकावर एक चढवून केलेले असतात. त्याखाली तसे लिहिले तर चित्राचे काही बिघडत नाही. न लिहिल्याने मात्र तिथे गेलेला माणूस हिरमुसतो आणि तसाच फोटो मिळवायला झाडाच्या आणखी जवळ, टॉर्च पाजळत जातो.

आता आपल्याकडे येऊ. १८६३ साली भारतात आलेल्या सॅम्युअल बोर्न यांनी पुढच्याच वर्षी श्रीनगरच्या पॉप्लरांची रांग टिपली. ते चित्र आजही भारतीय छायाचित्रकलेच्या इतिहासात मानाने छापले जाते. पण भारतातल्या झाडांनी पाश्चात्त्य व्यक्तिचित्राची चौकटच मोडली, ती वडाच्या रूपाने. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला मोठा वड घ्या. १८६४ आणि १८६७च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, पुढे बुंध्याला बुरशी लागली आणि १९२५ साली मूळ खोड काढून टाकावे लागले. झाड जगले. आज ते हजारो पारंब्यांवर उभे आहे आणि त्याला मधले खोडच नाही. आंध्रातल्या कदिरीजवळचा तिम्मम्मा मर्रिमानू हाही असाच, चार एकरांहून अधिक पसरलेला. आपल्या संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड आहे. अशा झाडाचा 'पूर्ण' फोटो म्हणजे काय? बाहेरून ती राई दिसते, ड्रोनमधून हिरवा ढीग. ड्रोनची वरून घेतलेली चित्रे मी पुष्कळ पाहिली आणि एकातही वडाची ओळख पटली नाही. वडाला त्याच्या पोटात शिरूनच टिपायला हवे. पारंबी जमिनीला टेकल्यावर तिचा खांब होणे, जुन्या खांबांनी वरच्या आडव्या फांदीला दिलेला आधार, त्यांच्या मधला हिरवट काळोख, हे क्रमाने, दहा-बारा चित्रांतून सांगायचे काम आहे. एकाच चौकटीत झाड बसले पाहिजे हा हट्ट ओक आणि पाइनच्या देशांतून आला. वडापुढे तो सोडून द्यावा.

आपल्याकडची दुसरी गोष्ट म्हणजे झाडाभोवतीची माणसे. डायन कुक आणि लेन जेनशेल यांच्या २०१७च्या 'वाइज ट्रीज' या पुस्तकासाठीच्या कामात वाराणसीतला एक कडुनिंब आहे. त्याला वस्त्र नेसवले आहे, बुंध्यावर देवीचा मुखवटा आहे. परक्या नजरेला ते नवल वाटले असेल, पण त्यांनी ते कापून टाकले नाही आणि झाडाची ओळख पुरती पकडली. आपल्याकडचे हौशी छायाचित्रकार नेमके उलट करतात. वडाला गुंडाळलेले सूत, पिंपळाखालचा शेंदूर फासलेला दगड, पारावर टेकवलेली सायकल, एसटीची वाट पाहणाऱ्या बाया, गेरू-चुन्याचे पट्टे, बुंध्यात ठोकलेल्या जाहिरातीच्या पाट्या, हे सगळे चुकवून 'स्वच्छ' चित्र मिळवण्याची धडपड चालते. जे चुकवता येत नाही ते नंतर संगणकावर पुसतात. पार पुसला तर गावच्या वडाचे काय उरले? देहूची नांदुरकी किंवा आळंदीचा अजानवृक्ष भोवतालच्या माणसांवाचून टिपणे म्हणजे त्याचे निम्मे आयुष्य गाळणे. आणि खिळे, तारा, बुंध्याभोवती ओतलेले काँक्रीट हेही झाडाच्या आयुष्यातलेच आहे. ते दिसायलाच हवे. देवराईत मात्र आधी गावकऱ्यांना विचारावे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला. त्या राया टिकल्या त्या गावाच्या नियमांमुळे, आणि कॅमेराही त्या नियमांत बसला पाहिजे.

झाडांवरची आपली पुस्तके या कामात किती मदत करतात? ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे 'सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज' १९३७ साली आले. मराठीत शरदिनी डहाणूकरांचे 'वृक्षगान' आणि श्री. द. महाजनांची पुस्तके घराघरांत आहेत. ओळख पटवणाऱ्या अशा पुस्तकांतले चित्र सगळ्या बहाव्यांचे मिळून एक असावे लागते, विक्षिप्त झाड तिथे उपयोगाचे नाही. प्रदीप कृष्ण यांच्या २००६च्या 'ट्रीज ऑफ दिल्ली'ने एक पाऊल पुढे टाकले. ही जात दिल्लीत नेमकी कुठे उभी दिसेल ते त्यांनी सांगितले, आणि वाचक पुस्तक घेऊन त्या झाडाशी जाऊन उभे राहू लागले. पुणे, नागपूर, कोल्हापूरसाठी असे सचित्र पुस्तक असायला हवे, ज्यात एकेका झाडाला पान दिलेले असेल.

तंत्राचे बोलायचे तर पहिली गोष्ट म्हणजे अंतर. झाडाचा आकार बिघडतो तो लेन्समुळे असे लोक समजतात. खरे तर तो उभे राहण्याच्या जागेमुळे बिघडतो. बुंध्याशी जाऊन मोबाइल वर केला की बुंधा फुगतो, शेंडा चिमटतो आणि झाड मागे कलते. साठ फुटी चिंच असेल तर निदान सव्वाशे-दीडशे फूट मागे जावे आणि तिथून लांब पल्ल्याच्या लेन्सने ती जवळ आणावी. त्याहून चांगले म्हणजे झाडाच्या निम्म्या उंचीवर चढता येते का पाहावे. शेजारच्या इमारतीचा जिना, देवळाच्या पायऱ्या, कालव्याचा बांध. कॅमेरा सरळ समोर रोखता आला की झाड आपल्या खऱ्या बांध्यात येते. शहरात एवढी मोकळी जागा मिळत नाही हे खरे. तिथे सगळे झाड घेण्याचा नाद सोडून बुंधा आणि पहिल्या फांद्यांची बेचकी घ्यावी. माणसाच्या खांद्या-मानेइतकी ती झाडागणिक वेगळी असते.

उजेडाबद्दल आपल्या पुस्तकांत सकाळ-संध्याकाळचे सोनेरी ऊन सांगितलेले असते. सावरीच्या काट्यांना, ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीला ते तिरपे ऊन हवेच. पण भरल्या पानांच्या झाडाला ढगाळ दिवस चांगला. आंबा, फणस, वड यांची पाने तुकतुकीत, कडक उन्हात ती हिरवी न दिसता पांढरी चमकतात. पोलरायझर फिल्टरने ती चमक बरीच उतरते. पानांमधून डोकावणारे आभाळ कॅमेऱ्याला फसवते आणि झाड काळे पडते, म्हणून उजेडाचे माप सालीवर घ्यावे आणि आभाळ पांढरे पडले तर पडू द्यावे. मोबाइलमधला पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट प्रकार झाडासाठी बंद ठेवावा. तो डहाळ्यांच्या कडा कुरतडतो. अवरक्त छायाचित्रणात पाने बर्फासारखी पांढरी येतात, रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्येच ते दाखवले. दिसते मोहक, पण त्यात कडुनिंब आणि करंज सारखेच पांढरे, म्हणून आपल्या कामाचे नाही.

खरा उलगडा होतो तो ऋतूंत. टॅल्बट यांच्या ओकला हिवाळ्यात जी उघडी फांदी मिळाली, ती आपल्या पानगळीच्या झाडांना जानेवारी ते एप्रिलमध्ये मिळते. कांडोळ या काळात पूर्ण निष्पर्ण, पांढरट सालीचा, रानातल्या संध्याकाळी लोक त्याला भुताचे झाड म्हणतात ते पाहिल्यावर पटते. सावर आणि पांगारा उघड्या फांद्यांवर फुलतात, म्हणजे सांगाडा आणि फूल एकाच चित्रात. मार्चमध्ये कुसुमाची पालवी लालभडक, पिंपळाची तांबूस गुलाबी. लांबून ती फुले वाटतात. पिंपळाचे आणखी एक आहे. पानाचा देठ लांब आणि बारीक असल्याने वारा जाणवत नसतानाही ते हलते. एक पंचशतांश सेकंदात ते गोठवले तर पान स्पष्ट येते पण पिंपळ येत नाही. ट्रायपॉड लावून एक अष्टमांश सेकंद दिला तर खोड स्थिर राहते आणि भोवती पानांची सळसळ उमटते. माझ्या मते हाच पिंपळाचा खरा फोटो. वर्षावृक्ष, म्हणजे रेन ट्री, संध्याकाळी पाने मिटतो. त्याची दुपारची गच्च सावली आणि तिन्हीसांजेची जाळी ही एकाच झाडाची दोन रूपे, दोन्ही हवीत. राणीच्या बागेतली गोरखचिंच उन्हाळ्यात उघडी आणि पावसात हिरवी, दोन वेगळी झाडे वाटावीत इतकी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा झाडाला वस्त्र देतो. आंब्याच्या खोडावर शेवाळ, वांदरबाशिंगाची पाने, कुठे आमरीचा घोस. ओली साल जे रंग दाखवते ते सुकी कधीच दाखवत नाही. एका भेटीत यातले काही कळत नाही, म्हणून एका भेटीतला झाडाचा फोटो मला अपुरा वाटतो.

त्यासाठी भारी कॅमेरा लागत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मार्क हर्श यांनी २०१२-१३ मध्ये आपल्या रोजच्या वाटेवरच्या एका बर ओकचे फोनने वर्षभर, दररोज एक छायाचित्र घेतले. पुस्तक झाले: 'दॅट ट्री'. जिथे बेथ मून यांनी जगभर फिरून प्राचीन झाडांचे प्लॅटिनम ठसे काढले आणि २०१४ मध्ये 'एन्शन्ट ट्रीज' हा भव्य ग्रंथ दिला, तिथे हर्श शेतातल्या एका झाडापाशी राहिले. मूनांचे काम डोळे दिपवते. पण आपल्या वाचकाला करता येण्याजोगे, आणि आपल्याकडे हवे असलेले, ते हर्श यांचे.

हवे असण्याचे कारण व्यवहारातले आहे. २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा मानला जाणारा वड जाणार होता. लोकांनी विरोध केला, झाडाची छायाचित्रे सगळीकडे फिरली आणि रस्त्याची आखणी बदलली. हजारो झाडे तोडणार असे ऐकले तर मन हलतेच असे नाही, हे झाड तोडणार असे दिसले की हलते. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले गेले आणि तोडायचेच तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. म्हणजे वय सांगता आले पाहिजे. खोड कापल्याशिवाय वय नक्की सांगणे अवघड, आणि आपल्या उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत वर्षाची वलये स्पष्ट नसतात. तिथे तारीख असलेला जुना फोटो कामी येतो. संगणकाला आज क्षणात कुठलेही देखणे झाड रचून देता येते. त्या झाडाला कुठलाही सर्व्हे नंबर नसतो. कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्राचे मोल आता त्या पत्त्यात आहे.

म्हणून वाचकांना विनंती. रोजच्या वाटेवरचे एक झाड निवडा. उभे राहायची एक जागा ठरवा आणि प्रत्येक ऋतूत तिथूनच फोटो घ्या, शेजारी कोणाला तरी उभे करून. बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा, वनखात्याची पद्धत तीच आहे. फोटोखाली झाडाचे नाव, जागा, तारीख आणि घेर लिहा. गावातल्या जाणत्यांना विचारा, त्या झाडाला स्वतःचे नाव असले तर तेही. घरातले लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या वर्गाचे जुने अल्बम काढा. त्यांत उभ्या माणसांच्या मागे तेच झाड पुष्कळदा सापडेल, आणि फोटोमागे तारीखही असेल. ही सगळी नोंद रस्ता रुंद करण्याची नोटीस निघण्याआधी तयार हवी, कारण नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला मिळतात ते थोडे दिवस.